फरदडीचा हशा

विनोद ऐकला की माणूस हसतो, किंवा हसत नाही. आमचे शेजारी वसंतभाऊ तिसरंच काहीतरी करत. दोन्ही हातांच्या चिमट्या नाकासमोर आणत, एक डोळा बारीक करत, आणि चिमटीत काहीतरी धरल्यासारखं हळूच ओढत. मग हात झटकून म्हणत, "धागा आखूड हाय."

धागा विनोदाचा.

वसंतभाऊंची सगळी नोकरी मलकापूरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून झाली. शेतकऱ्याची गाडी समोर उभी राहिली की भाऊ ढिगात हात खुपसून मूठभर कापूस काढायचे, त्यातली चिमूटभर रुई ओढून धाग्याची लांबी पाहायचे, आणि त्यांच्या तोंडून निघेल ती त्या मालाची प्रत. निवृत्त झाले तेव्हा कापूस हातातून गेला, पण ओढणं काही गेलं नाही. फळवाल्याकडचा आंबा, आमदाराचं भाषण, लग्नात वाढलेला मठ्ठा, सगळ्याला भाऊ चिमटीत धरत. गल्लीतल्या एका मुलीला पाहायला स्थळ आलं होतं. मुलगा चहा पिऊन गेल्यावर मुलीच्या बापानं हौसेनं भाऊंना विचारलं, "कसा वाटला पोरगा?"

"माल चांगला हाय," भाऊ म्हणाले, "पन ओलावा जास्त हाय."

ते लग्न जमलं. त्या लग्नात भाऊंना कोणी मठ्ठा विचारला नाही.

त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीचं. रोज संध्याकाळी आठला ते आमच्याकडे येत, कारण त्या वेळी त्यांच्या टीव्हीवर शांताकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, मालिका असे, आणि त्या मालिकेच्या आड भाऊच काय, कोणीही येऊ शकत नसे. आल्याबरोबर माझ्या बायकोला, सुषमाला, म्हणत, "सूनबाई, लाव."

मग आम्ही 'पोट धरून' लावत असू. विनोदी नकलांचा, छोट्या-छोट्या प्रहसनांचा हा कार्यक्रम इतकी वर्षं चालला होता की सुरुवातीला त्यात शाळकरी मुलाचं काम करणारा नट आता मुलीच्या बापाचं काम करत होता. भाऊ सोफ्यावर बसत नसत. लाकडी खुर्ची ओढून तीवर ताठ बसत. "सोफ्यावर मानूस ढिला पडते," ते म्हणत, "मंग त्याले कायचंबी हसू येते."

स्वतः हसत नसत आणि दुसऱ्याला हसू देत नसत. मी कधी चुकून हसलो की ते मान वळवून माझ्याकडे असं पाहत, की जणू मी त्यांच्या केंद्रावर ओला कापूस घेऊन आलोय. सुषमानं यावर उपाय काढला होता. एखादा विनोद तिला बरा वाटला की ती "दूध पाहते" म्हणून स्वयंपाकघरात जाई आणि तिथे हसून येई. आमच्याकडे दूध कधी उतू गेलं नाही, त्याचं श्रेय त्या कार्यक्रमाला द्यायला हवं.

या कार्यक्रमाबद्दल भाऊंचा एक शब्द ठरलेला होता. "फरदड."

आमच्याकडे कापसाचा हंगाम संपला, वेचे झाले की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून रान मोकळं करायचं असतं. पण एखाद्याला मोह होतो. तो पुन्हा पाणी देतो. झाडाला पुन्हा चार पानं फुटतात, चार बोंडं लागतात. त्या पिकाला फरदड म्हणतात. कापूस निघतो, पण त्यात जीव नसतो, आणि बोंडअळीची मात्र सोय होते.

"पयल्या दोन-तीन वर्साचा माल एक नंबर होता," भाऊ सांगत. "मी नाही नाही म्हनत. पन वेचा झाला ना बाप्पा! आता पऱ्हाटी उपटाची सोडून हे लोक पानी देऊन राह्यले."

त्यांचं अगदीच चूक होतं असं मला म्हणवत नाही. कार्यक्रमात एक आत्याबाई होती. म्हणजे एक धिप्पाड नट लुगडं नेसून आत्याबाई होत असे. ही आत्याबाई प्रत्येक भागात चक्कर येऊन पडे. लग्न ठरलं, पडली. लग्न मोडलं, पडली. एकदा अंतराळयानात पाठवली होती तिला, तिथेही पडली. ती पडली की समोर बसलेले दोन पाहुणे परीक्षक एकमेकांच्या अंगावर पडत. मग प्रेक्षकांतली पिवळ्या साडीतली एक बाई टाळ्या वाजवत हसताना दिसे.

"हे बाई पाह्य," भाऊंनी एकदा मला दाखवलं. "मांगच्या हप्त्यातबी हेच साडी, हेच टाळी. हे बाई एकदाच हसली बे कवातरी. तवापासून तिलेच वापरून राह्यले."

त्यानंतर मला कार्यक्रम दिसेनासा झाला. पिवळी साडीच दिसू लागली.

खरा संताप त्यांना यायचा तो वऱ्हाडी पात्राचा. मुंबईकडचा कोणी नट डोक्याला उपरणं गुंडाळून येई, "मले", "तुले", "काऊन" एवढे तीन शब्द मीठ-मिरचीसारखे कुठेही टाके, आणि लोक हसत. विनोद काहीच नसे. 'मले' हाच विनोद.

"मी 'मले भूक लागली' म्हनलं, त तुले हसू येते का?" भाऊ मला दटावून विचारत.

"नाही भाऊ."

"मंग त्याईले काऊन येते?"

मी मूळचा इथलाच, पण कॉलेजच्या कचेरीत कारकुनी करता करता माझी बोली घासून गुळगुळीत झालीय. भाऊंच्या समोर मला तिची थोडी लाजच वाटे.

आता कोणीही विचारेल, की एवढं जर नावडतं, तर माणूस रोज पाहतो कशाला? मीही विचारलं होतं.

"पाह्यल्याबिगर नाव कसं ठेवाचं?" भाऊ म्हणाले. "मी न पाहता कवा कोनाचा माल नापास नाही केला."

कार्यक्रम संपला की भाऊ आपल्या ओट्यावर जात, खिशातून मोबाईल काढत आणि दुसऱ्या अंकाला सुरुवात होई. सारी गल्ली तो ऐके. "काय हसासारखं होतं त्याच्यात? सांग, काय होतं? ... आत्याबाई पडली, हाव, पडली, मंग? काल नव्हती पडली काय? ... तुले त अक्कलच नाही. लहानपनापासून नाही!"

गल्लीचा समज असा, की भाऊ मुंबईला चॅनलवाल्यांना फोन लावतात. मेडिकलवाल्यानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की तक्रारीसाठी चॅनलचा वेगळा नंबर असतो. मलकापूरचा एक माणूस रोज मुंबईला झापतो याचा काही लोकांना अभिमानही होता. 'लहानपणापासून नाही' हे चॅनलला कसं लागू पडतं, हा विचार कोणी केला नाही. माझ्या मनात एकदा आला होता, पण मला तेव्हा वाटलं की चॅनलचं बालपण म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं.

आणि मग एक दिवस बातमी आली, की 'पोट धरून' बंद होणार.

मी कचेरीतून येताना मुद्दाम शेगावच्या कचोऱ्या घेतल्या. मनात म्हटलं, भाऊंच्या इतक्या वर्षांच्या लढ्याला यश आलं, तोंड गोड नाही तर तिखट तरी करू. भाऊ ओट्यावर बसले होते. पुडा पुढे केला आणि म्हटलं, "भाऊ, अभिनंदन! उपटली पऱ्हाटी. कार्यक्रम बंद होतोय."

भाऊंचा हात पुड्यापर्यंत आला होता, तो तिथेच राहिला.

"कोनं सांगतलं?"

"पेपरात आहे."

"असा कसा बंद करते?"

"तुम्हीच तर म्हणत होता, की उपटा म्हणून."

"म्हनत होतो," भाऊ एकदम उखडले. "मानूस म्हनते. म्हनलं म्हनून उपटाव काय?"

कचोरी त्यांनी घेतली नाही. भाऊंनी कचोरी नाकारल्याचं गल्लीत कोणाला सांगूनही पटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कार्यक्रम वाचवायची मोहीम काढली. न्हाव्याच्या दुकानात, देवळाच्या पारावर, काकूंच्या भजनी मंडळात, जो भेटेल त्याला धरून सांगू लागले, "चॅनलले फोन लावा. म्हना, बंद करू नका. लोकाईले पाह्यजे म्हना." ज्या माणसानं आयुष्यात त्या कार्यक्रमाला कधी बरं म्हटलं नव्हतं, तो आता त्याची तरफदारी करत होता, आणि ती करताना त्याचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं होत होतं. "आत्याबाईची चक्कर," ते न्हाव्याला सांगत होते, "पाह्याले पाह्यजे बाप्पा. हरेक वेळी येगळी पडते."

न्हावी वस्तरा पुसत म्हणाला, "पन भाऊ, आम्ही कायले फोन लावू? तुमी त रोजच लावता ना चॅनलले. तुमची ओळख असंन. तुमीच सांगा."

अर्धी दाढी तशीच ठेवून भाऊ उठतात की काय असं वाटलं. नंतर मोहीम थंडावली.

शेवटचा भाग आम्ही सोबतच पाहिला. सगळे नट रडले. परीक्षक रडले. आत्याबाई लुगड्याच्या पदरानं डोळे पुसत आली आणि लोकांच्या आग्रहाखातर तिनं शेवटचं पडून दाखवलं. सुषमा दूध पाहायला गेली, पण या वेळी हसायला गेली नसावी. मी भाऊंकडे पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते. चिमटी नाही, ओढणं नाही. कार्यक्रम संपला तसे उठले आणि ओट्यावर गेले.

मी पायरीवर येऊन उभा राहिलो. त्यांनी फोन लावला होता. पण ओरडणं नव्हतं.

"पाह्यलं का? ... हाव. ... संपलं. ... हं. ... बरं, ठेवतो मंग."

बस. एवढंच. मोबाईल खिशात टाकला आणि बोटांनी खिशावरून चाचपत राहिले.

मी जवळ जाऊन बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "आज चॅनलवाल्यांशी अगदी गोडीत बोललात."

"कोन चॅनलवाले?" भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "अबे, भाऊ हाय तो माह्या. मोठा भाऊ. दिनकर. रोहिनखेडले राह्यते."

मी इतकी वर्षं शेजारी राहत होतो; भाऊंना सख्खा भाऊ आहे हे मला ठाऊक नव्हतं. रोहिणखेड इथून लांबही नाही, मोताळ्याच्या बाजूला. पण त्या घरचं कोणी कधी इकडे आलं नव्हतं आणि भाऊ तिकडे गेल्याचं मी ऐकलं नव्हतं.

कारण होतं लग्नपत्रिका. दिनकरभाऊंच्या मुलीचं लग्न निघालं, पत्रिका छापून आल्या, आणि त्यात खाली विनीत म्हणून सगळ्या काका-मामांची नावं होती; वसंतभाऊंचं नव्हतं. मुलीच्या आत्याच्या नणंदेच्या नवऱ्याचं होतं. प्रेसवाल्याची चूक, असं दिनकरभाऊंचं म्हणणं. चूक सख्ख्याच काकाच्या नावाची कशी झाली, असं वसंतभाऊंचं म्हणणं. ते लग्नाला गेले नाहीत. मग हे बोलले नाहीत म्हणून ते बोलले नाहीत, आणि असंच होत गेलं.

"मंग एक दिवस फोन आला," भाऊ सांगत होते. "त्याचाच नंबर. मी हॅलो म्हनलं. तिकून काहीच नाही. लय वेळ. आन् मंग म्हनते, 'आत्याबाई पाह्यली का आज? काय पडली बे!' ना कसा हाय, ना बरा हाय. मले काय बोलाव समजे ना. मी म्हनलं, 'फालतू होती.' तो म्हनते, 'तुले काय समजते?' झालं. तवापासून रोज."

"रोज भांडण?"

"दुसरं काय बोलाचं? पत्रिकेचं त्यानं काढलं नाही, मी काढलं नाही. तो चांगला म्हने, मी फरदड म्हनो." मग हलकेच म्हणाले, "मीबी चांगला म्हनलो असतो, त दोन मिंटात फोन संपला असता ना बे."

आठच्या वेळेला चॅनलवर आता गाण्याची स्पर्धा सुरू झाली. भाऊ पहिल्या दिवशी येऊन ताठ बसले, सगळी गाणी नापास केली, आणि ओट्यावर जाऊन फोन लावला. तिकडून दिनकरभाऊ म्हणाले, "मले गान्यातलं काय समजते?" आणि ठेवून दिला. मग काही दिवस ना इकडून फोन, ना तिकडून. भाऊ आमच्याकडे यायचे थांबले.

शेवटी शांताकाकूच आल्या. "सुधीर, याईले कोठीतरी घेऊन जाय बाप्पा," त्या मला म्हणाल्या. "नीट जेवत नाही. आन् आठ वाजता माह्याजवळ येऊन बसते, माही मालिका पाह्यते. कालच्याले त म्हनते, 'त्या सुनेचं खरं हाय.' मले भेव लागलं."

"रोहिणखेडला नेऊ?"

"म्या सांगून पाह्यलं. म्हनते, मले कोनं बोलावलं? तू तुहं काही काम काढ."

मी काम काढलं. भाऊंना म्हटलं, रविवारी रोहिणखेडची जुनी मशीद पाहायची आहे, वाट दाखवायला चला.

"मशीद हाय तिथंच हाय," भाऊ म्हणाले. "कोनी उचलून नाही नेऊन राह्यलं." पण रविवारी सकाळी माझ्या मोटारसायकलजवळ येऊन उभे होते ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. दाढी पूर्ण केलेली.

मशिदीपाशी आम्ही पोचलो. मी दगडातलं काम पाहत होतो. भाऊ मशिदीकडे पाठ करून समोरच्या गल्लीकडे पाहत होते. मी जरा जास्तच वेळ लावला, तेव्हा म्हणाले, "झाली का पाहून? त्या गल्लीत घर हाय त्याचं. पानी पिऊन निंघू. पानी पेल्यानं काही होत नाही."

दिनकरभाऊ ओसरीत बाजेवर बसले होते. भाऊंसारखेच, फक्त वाळलेले. आम्हाला पाहून त्यांनी पाय खाली घेतले.

"ये."

"मशीद पाह्याले आलतो," वसंतभाऊंनी उंबऱ्यातूनच खुलासा केला. "ह्याले पाह्याची होती."

"हाव काय."

वहिनींनी पाणी आणलं. पाणी झालं. चहा आणला. चहा झाला. पंखा फिरत होता आणि दोघेही त्याच्याकडे पाहत होते. शेवटी वसंतभाऊ म्हणाले, "संपला बाप्पा तुहा कार्यक्रम."

"माह्या कायचा?"

"तूच त म्हने, एक नंबर हाय."

दिनकरभाऊंनी कपबशी बाजेखाली सरकवली. बराच वेळ ती नीट ठेवत राहिले. मग म्हणाले, "मले त्याचं हसू येनं कवाच बंद झालतं."

"म्हंजे?"

"तू म्हने ते बरोबर होतं. फरदडच होती."

वसंतभाऊ खुर्चीतून पुढे सरकले. "मंग रोज माह्यासंगं भांडे काऊन?"

"मीबी फरदड म्हनलो असतो," दिनकरभाऊ म्हणाले, "त पुढं बोलाचं काय होतं?"

दारात उभ्या असलेल्या वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "भाऊजी, खरं सांगू काय? हे त तो कार्यक्रम लावून झोपत. संपला की म्या उठवो. म्हनो, उठा, भाऊजीचा फोन येईन."

"झोपे?" वसंतभाऊ ओरडले. "आन् मले सांगे, आज आत्याबाई काय पडली म्हने! झोपेत कशी दिसली तुले?"

"ते त रोजच पडे ना बे," दिनकरभाऊ म्हणाले.

आधी वसंतभाऊंचे खांदे हलले. मला वाटलं, ठसका लागला. मग आवाज फुटला. इतकी वर्षं आमच्या लाकडी खुर्चीवर जो माणूस एकदाही हसला नव्हता, तो गुडघ्यावर हात मारून हसत होता, कडक सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत होता, पुसून पुन्हा हसत होता. दिनकरभाऊ आधी नुसते पाहत राहिले. मग तेही सुरू झाले. हसता हसता बाजेवर आडवे झाले. वहिनी आत निघून गेल्या, आणि आत गेल्यावर त्यांचाही आवाज ऐकू आला, हसण्याचा की आणखी कशाचा ते ओसरीतून समजत नव्हतं.

जेवण झालं. निघायची वेळ झाली तेव्हा भाऊ माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तू जाय. मी येतो उद्या-परवा एस्टीनं. काकूले सांग." आणि मला दारापर्यंत पोचवून ते परत ओसरीकडे वळले.

मी चपला घालत होतो. मागून दिनकरभाऊंचा आवाज आला.

"लंगडून राह्यला काय तू?"

"गुडघा हाय."

"कवापासून?"

"झाले दोन-चार वर्सं."

"बोलला नाही कवा."

"तू इचारलं कवा?"

"हाव ना," दिनकरभाऊ म्हणाले. "ये, बस इकडं. पाय वर घे. दाखव, कोठी दुखते."

मी गाडी तिथे सुरू केली नाही. गल्लीच्या तोंडापर्यंत हातानं ढकलत नेली.